पुढं सरका

लकव्यानं केरबा सोनकांबळ्यांचं सगळं नेलं आणि दोनच शब्द मागं ठेवले. उजवा हात नेला, उजवा पाय निम्मा नेला, लातूर-नांदेड गाडीवर कंडक्टर म्हणून उभ्या जन्मात कमावलेल्या शिव्या नेल्या, माणसांची नावं नेली. ठेवलं काय, तर 'पुढं सरका.' भूक लागली की पुढं सरका, उशी टोचली की पुढं सरका. लातूरच्या डॉक्टरनं मोठ्या आदरानं विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?" तर त्यालाही पुढं सरका. तो बिचारा खुर्ची घेऊन खरंच थोडा पुढं सरकला.

सरजाबाई आधी रडली. मग रडणं बाजूला ठेवून अर्थ लावायला शिकली. तसंही एवढ्या संसारात नवरा तिच्याशी फार काही वेगळं बोलत होता अशातला भाग नव्हता. हाक मारायची तर "ऐकून राहिलीस का?" आणि तिचं नाव घ्यायची पाळी त्याच्यावर लग्नात आली तेवढीच. तेव्हाही त्यानं ते पुटपुटून उरकलं होतं. मूलबाळ नाही. घरात दोघंच. आता त्या दोन शब्दांतून तिला चहा, चादर, संडास, पंखा असं सगळं ओळखू यायचं, आणि चुकलं तर केरबा डोळे मिटून घ्यायचा.

खेमाला हे पसंत नव्हतं. खेमा म्हणजे केरबाच्या धाकट्या भावाची, नांदेडच्या साहेबराव हेडमास्तरांची मुलगी. बुद्धाच्या काळातल्या एका भिक्खुणीचं नाव बापानं हौसेनं ठेवलं होतं, आणि पोरगी भिक्खुणीसारखीच हट्टी निघाली. विद्यापीठात संगीतोपचार शिकत होती. दोन वर्षांचा अभ्यास, त्यातलं एक झालेलं. दुसऱ्या वर्षी दवाखान्यात रोग्यांबरोबर काम करायचं, ते पार पडलं की मग कुठं नावापुढं 'थेरपिस्ट' लावता येणार. सुट्टी लागल्याबरोबर ती चाकूरला येऊन बसली होती. रोज सकाळी मोठ्या बाबांसमोर स्टूल घ्यायची, त्यांच्या डाव्या हातात तिकिटाचा जुना पंच द्यायची आणि गायची. त्याचं रेकॉर्डिंग संध्याकाळी कॉलेजातल्या मॅडमला पाठवायची, कारण शिकणाऱ्यानं आपल्या मनानं रोग्याला हात लावायचा नसतो.

पंचाची युक्ती खेमाची. कॉलेजात शिकवलेलं असं की गाताना रोग्याच्या डाव्या हातानं ठेका धरायचा. केरबाचा डावा हात मांडीवर ठेका धरेना. मेल्या पालीगत पडून राही. मग तिनं खुंटीवरचा पंच काढून दिला, तसा अंगठा आपोआप दाबला गेला. टिक. गाडीत मागून पुढं येताना कंडक्टर नळीवर पंच आपटत येतो ना, तसा. टिक, टिक.

"पा-णी-दे," खेमा दोन सुरांत गायची. वर, वर, खाली.

"प्पा... णी..." केरबा घाम फुटेस्तोवर ओढून आणायचा. "दे."

पहिल्यांदा ही तीन अक्षरं उमटली तेव्हा सरजाबाईच्या हातातली परात पडली. पुढं रोज म्हणायला लागला. बोलून नाही, गाऊनच. आणि नवऱ्याला माणसासारखं मागता यायला लागलं नेमकं त्या उन्हाळ्यात, जेव्हा चाकुरात मागितलं तरी द्यायला पाणी नव्हतं. दोन हजार सोळाचा तो उन्हाळा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. ह्या गल्लीला टँकर, आणि तोही आला तर आला.

*

त्या उन्हाळ्यात पाहुण्यांनी येताना पाण्याचा कॅन आणायची रीत पडली होती. केरबाची बहीण धुरपताबाई नायगावहून एस.टी.नं आली ती काखेत कॅन आणि तोंडात तक्रार घेऊन.

"कंडक्टर म्हणला, मावशी कॅनचं लगेज लागंल. मी म्हणलं, माझा सख्खा भाऊ कंडक्टर होता, तुझ्या आधीपास्नं. गप बसला." तिनं कॅन माठाशेजारी सगळ्यांना दिसेल असा ठेवला. "वहिनी, माझ्या घरच्या रांजणाचं झाकण उघडून आणलंय बघा पाणी. दादा कुठाय?"

"पुढं सरका," आतून आवाज आला.

"बगा, मला ओळखलं!" धुरपताबाईनं डोळ्याला पदर लावला.

माया खोटी नव्हती हो. केरबानं तिच्या दोन्ही बाळंतपणांना डेपोतनं रजा टाकून बैलगाडी जोडली होती, हे ती विसरली नव्हती. पण ती आज आली होती त्याचं कारण माया एवढंच नव्हतं. कारण फाट्याजवळचं रान होतं. आबाचं, म्हणजे ह्या तिघांच्या बापाचं ते रान थोरला म्हणून केरबाच्या एकट्याच्या नावावर होतं. त्यात एक विहीर. आटलेली. इतकी वर्षं त्या रानाकडं कुणी ढुंकून बघितलं नाही, कारण तिथं कुसळं सोडून काही उगवत नसे. पण आता नवा जिल्हा होणार, अशी हूल उठली होती. उदगीर जिल्हा होणार, त्याची हद्द इथवर येणार, मोठमोठी हापिसं फाट्यावर येणार. त्या साली आसपासच्या दर गावातल्या दर माणसाच्या रानात कलेक्टर कचेरी येणार होती. मग सोनकांबळ्यांच्याच रानानं काय घोडं मारलं होतं?

साहेबराव दुपारी मोटारीनं आले. त्यांनीही कॅन आणला, पण तो विकतचा, सील असलेला. सरजाबाईनं त्याच्याकडं बघितलं आणि सीलही जपून ठेवून दिलं.

"भावजी, पाणी घ्या," म्हणून तिनं पेला पुढं केला. मग धुरपताबाईला दिला. मग केरबाचा मित्र चांदपाशा ओट्यावर टेकला होता, त्याला दिला. आपल्यासाठी एक भरला, ओठाशी नेला, आणि केरबाच्या औषधाची वेळ आठवून परत माठात ओतला. कुणाचं लक्ष नव्हतं. खाटेवर पडलेल्या माणसाला बघण्यावाचून दुसरं काम नसतं, त्याचं तेवढं होतं.

चांदपाशा हा केरबाचा ड्रायव्हर. दोघांनी एकाच गाडीवर केस पिकवले. आपल्याला केरबाचं सगळं कळतं, असा त्याचा दावा होता.

"केरबाभाई काय म्हणून राहिले, मी सांगतो," तो म्हणाला. "ते म्हणतेत, साहेबराव दुबळे झाले."

साहेबराव दुबळे झाले नव्हते, पण दमले होते. त्यांच्या डोक्यात आज दोन कामं होती. एक, रानाच्या वाटणीचं दादाच्या हयातीत तोंडी तरी ठरवून टाकायचं. दुसरं, खेमाला घेऊन जायचं. नांदेडला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला तिचं नाव घातलं होतं, थेरपीचं दुसरं वर्ष होणार नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांनी वर्षभर सांगितलं होतं, मुलगी थेरपी करते. 'संगीत' हा शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नव्हता. कुणी खोदून विचारलंच, तर "पोस्ट ग्रॅज्युएट" म्हणून विषय संपवायचे.

त्यांचंही चुकत नव्हतं. सोनकांबळ्यांच्यात गाणंबजावणं म्हणजे काय होतं? आबा गावच्या पाटलाच्या दारात डफडं वाजवायचा. लग्नाला, पोळ्याला, मयतीला. वाजवायचा आणि उकिरड्याच्या कडेला बसून उरलेलं खायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि पहिलं काम काय केलं, तर डफडं चुलीत घातलं. त्या जाळावर भाकरी भाजल्या आणि पोरांना म्हणाला, आता दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही. साहेबराव तेव्हा जन्मले नव्हते, पण ती भाकरी आपणच खाल्ल्यासारखी त्यांना पाठ होती. त्यावर शिकले, हेडमास्तर झाले. आणि त्यांचीच मुलगी दवाखान्यादवाखान्यांतून दुसऱ्याच्या खाटेशी बसून वाजवणार!

"खेमा, बॅग भरलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही पप्पा."

"भर. ऊन उतरलं की निघू."

"मोठे बाबा आत्ता कुठं लागले बोलायला. मी गेले तर..."

"पुढं सरका," केरबा म्हणाला.

"बघ, दादासुद्धा तेच म्हणतोय. आयुष्यात पुढं सर." असं म्हणून साहेबरावांनी मोटारीची किल्ली खिशात टाकली.

 खेमाला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींत कशाला आधी जागा द्यावी ते कळत नव्हतं. ती आत गेली, बॅग भरली. ती साहेबरावांनी स्वतः नेऊन डिकीत ठेवली.

*

जेवणं झाली. धुरपताबाईनं सुपारी कातरत विषय काढला. तिचं आणि साहेबरावांचं फोनवर आधीच ठरलं होतं. निम्मं निम्मं. वहिनीला राहतं घर आहेच, तिला एकटीला रान काय करायचंय?

"दादा, फाट्याच्या रानाचं काय करायचं?" तिनं खाटेशी जाऊन त्याच्या कानाशी विचारलं. "मी आन् सायबा हावोत तुझ्या पाठची. बोल बाबा."

"पुढं सरका."

"म्हंजी? आत्ता नको, पुढं बघू म्हणतो का?"

"न्हाई न्हाई," चांदपाशा म्हणाला. "हद्दीची दगडं पुढं सरकवा म्हणतेत. मोजणी चुकलेली हाय."

"तुमचं काय मधी?" धुरपताबाई फणकारली.

सरजाबाई दाराला टेकून उभी होती.  तिला रानाचा सोस नव्हता. तिला एवढंच कळत होतं की हा माणूस उद्या गेला तर ह्या दोघांपुढं तिचं असं काही असणार नाही, आणि तिच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस होतं, ते खाटेवर पंख्याकडं बघत पडलं होतं. इतक्यात केरबानं डाव्या हातानं खाटेवर चाचपलं. खेमानं पंच त्याच्या हातात दिला.

टिक. टिक. "प्पा-णी-दे."

 साहेबराव उठून उभे राहिले. धुरपताबाईच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"दादा बोलला!"

"गायले," खेमा म्हणाली. तिनं वाटी मोठ्या बाबांच्या ओठाला लावली. "मेंदूची बोलायची बाजू दुखावली आहे. गाण्याची बरीचशी दुसरीकडं असते, ती शाबूत आहे. म्हणून त्या वाटेनं शब्द आणायचे."

"हायवे बंद पडला, तर गाडी उदगीरकडनं फिरवून आणायची," चांदपाशानं समजावलं. हे मात्र त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच त्याला जास्त आनंद झाला.

साहेबरावांचे डोळे भरून आले. खरेच भरून आले. पण डोळे पुसता पुसता त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. "म्हणजे जे शिकवशील ते म्हणेल?"

"सोपं असलं आणि रोज केलं, तर."

बस्स. ह्या एका उत्तरानं सोनकांबळ्यांच्या घरात संगीताला जी प्रतिष्ठा आली, ती साठ वर्षांत आली नव्हती.

धुरपताबाईनं वेळ घालवला नाही. भावाचा हात हातात घेतला आणि त्याच चालीत सुरू झाली, "रा-न-दे! म्हण दादा. पाणीच्या जागी रान घाल नुसतं. रा-न-दे! धुर-प-ती-ला!"

"आक्का, हे काय? आपलं काय ठरलंय?" साहेबराव म्हणाले. "निम्मं निम्मं. 'दो-घां-ना दे,' असं शिकव."

"ते लांब होतं. खेमा म्हणली न्हाई का, सोपं पायजे."

"दोघांना यात लांब काय आहे?"

"जोडाक्षर हाय की काय त्यात!"

"जोडाक्षर नाही त्यात, आक्का!" मास्तर ओरडले.

"मग तुझं नाव त्यात कामून न्हाई? माझं म्हणून राहिली तर तुला सोसंना!"

निम्म्या-निम्म्याची युती तिथंच मोडली. धुरपताबाईनं चाल वरच्या पट्टीत नेली. साहेबरावांनी, आयुष्यात ज्यांनी प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवले, त्यांनी घसा खाकरला आणि 'दोघांना दे' असं भसाड्या आवाजात गायला सुरुवात केली. केरबा एकदा हिच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिला. आयुष्यभर भरल्या गाडीत भांडणं सोडवलेला माणूस. त्यानं जे म्हणायचं ते म्हटलं.

"पुढं सरका."

"पप्पा, आत्या, पुरे करा!" खेमा एवढ्या जोरात ओरडली की चांदपाशाच्या हातातली बशी हिंदकळली. "मी हे करणार नाही. करू देणारही नाही. रोग्याला काय म्हणायचंय ते रोग्यानं ठरवायचं. पहिल्या आठवड्यात शिकवतात आम्हाला. त्यांना तहान लागते म्हणून 'पाणी दे' घेतलं. तुम्हाला रान पाहिजे, तर तुम्ही गा ना ते! त्यांच्या तोंडात कशाला घालताय? डॉक्टरनं तुमच्या सांगण्यावरून खोटं औषध दिलं तर चालेल का?"

"तू काय डॉक्टर आहेस?" साहेबराव म्हणाले.

"नाही. तुम्ही होऊ देत नाही आहात."

हे लागलं. साहेबराव खाली बसले. हातांना काहीतरी पाहिजे होतं. समोर त्यांचाच आणलेला, आता रिकामा झालेला कॅन होता. तो त्यांनी मांडीवर ओढला आणि खाली मान घालून त्यावर बोटं आपटत राहिले. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. वर्गात पेपर तपासताना बाकावर आपटायचे, मोटारीत सिग्नलला स्टेअरिंगवर आपटायचे. बायको ओरडायची, ही काय सवय म्हणून. धाक-धिन ताक, धाक-धिन ताक, एक बोट मागं रेंगाळणारं.

धुरपताबाईचा अडकित्ता खाली ठेवला गेला.

"सायबा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम वेगळा झाला होता. "हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?"

"हे. तू वाजवून राहिला ते."

"मी? मी कुठं काय वाजवतोय?"

"अरे, हे आबाचं डफडं हाय."

"आबाचं डफडं मी ऐकलंसुद्धा नाही, आक्का. माझ्या जन्माआधी जाळलं त्यानं."

"डफडं जाळलं. बोटं जाळली का?" धुरपताबाई रडायला लागली होती, आणि ह्या खेपेला त्यात रान अजिबात नव्हतं. "तू निजत नव्हतास म्हणून तुला पालथा टाकायचा मांडीवर, आन् पाठीवर हेच वाजवायचा. आई म्हणायची, सोडलं म्हणून गावाला सांगता, आन् लेकराच्या पाठीवर काय चालू हाय? तर म्हणायचा, हे काय दुसऱ्याचं दार हाय का?"

साहेबरावांची बोटं हवेत थांबली. साठीला आलेला माणूस, त्याला आपल्या पाठीवर काहीतरी आठवल्यासारखं झालं. त्यांना ते आवडलं की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

टिक.

सगळ्यांनी खाटेकडं बघितलं. केरबाचा पंच चालू होता. धाक-धिनची जी जागा साहेबरावांनी सोडली होती, तिथून त्यानं ठेका उचलला होता. टिक-टिटिक, टिक-टिटिक. रेंगाळणाऱ्या बोटासकट.

"पप्पा, थांबू नका," खेमा कुजबुजली.  इतके दिवस ती त्यांना कॉलेजचा सरळसोट ठेका देत होती, आणि ह्या घराचा ठेका तिच्या बापाच्या बोटात बसून होता. "वाजवा. प्लीज वाजवा."

साहेबरावांनी दाराकडं बघितलं. ओट्यावर गल्लीतली दोन-तीन माणसं गोळा झाली होती. मग त्यांनी कॅन सरळ केला आणि उघड उघड वाजवायला घेतला.

केरबानं मान वळवली. ना भावाकडं बघितलं, ना बहिणीकडं. दाराला टेकून उभ्या असलेल्या बायकोकडं बघितलं. तिचे ओठ फुटलेले होते, सकाळपासून माठाजवळ उभं राहून ती सगळ्यांना पाणी देत होती. त्यानं तोंड उघडलं. नुसती हवा आली. पंच दोनदा चुकला. कपाळावरची शीर वर आली.

"स..." तो म्हणाला. "सर..."

"पुढं सरका," चांदपाशानं मदत केली.

"चाचा, गप!" खेमा म्हणाली.

"सर-जे," केरबानं गायलं. "पा-णी-घे."

 खेमानं 'घे' त्याला शिकवलं नव्हतं. 'सरजे' तर कुणीच शिकवलं नव्हतं. त्यानं पुन्हा म्हटलं, आता जरा जोरात, एखाद्या प्रवाशानं एकदा सांगून ऐकलं नाही म्हणजे सांगावं तसं. "सरजे. पाणी घे."

सरजाबाईनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग लाजून नणंदेकडं. म्हातारपणी चारचौघांत नवऱ्यानं नाव घेतलं तर काय करायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती माठाकडं गेली. पेला भरला. सगळ्यांकडं पाठ करून उभ्याउभ्या गटागटा प्यायली, आणि पिता पिता तिचे खांदे हलायला लागले. धुरपताबाईनं उठून तिला मागून धरलं.

*

नंतर जे झालं ते सोनकांबळ्यांच्या रीतीप्रमाणं झालं. धुरपताबाईनं डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि जाहीर केलं की दादानं निकाल दिला. "पाणी सरजीनं घ्यायचं म्हणला. पाणी म्हंजी विहीर. विहीर जिची, रान तिचं. पाच माणसांत बोललाय, आता कुणी बदलायचं न्हाई."

"आत्या, ते तहानेबद्दल बोलले हो," खेमा म्हणाली.

"तू कॉलेजचं बघ. भावाचं मला कळतं." विहिरीत थेंब नव्हता, हा मुद्दा कुणी काढला नाही. वहिनीच्या पाठीशी आता ती अशी उभी राहिली की दुपारी 'रान दे' गाणारी बाई दुसरीच कुणी असावी. जाताना आपला कॅनही तिथंच ठेवून गेली, निम्मा भरलेला. चांदपाशानं तिला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायचं कबूल केलं. वाटेत, केरबाभाई नेमकं काय म्हणाले ते मीच आधी ओळखलं होतं, असं तो तिला सांगत होता.

साहेबरावांनी वाद घातला नाही. ते दादाच्या पायथ्याशी बसून होते. ह्याच माणसानं पगार झाला की फीचे पैसे घेऊन नांदेडच्या वसतिगृहाच्या दारात येऊन हाक मारायची. 'सायबा!' सगळी पोरं खिडकीत यायची. तेव्हा साहेबरावांना लाज वाटायची, खाकी कपड्यातल्या भावाची.

ऊन उतरलं. सरजाबाईनं खेमाला कवेत घेतलं आणि सोडीना. खेमा मोटारीपाशी आली. साहेबराव डिकीला टेकून उभे होते, किल्ली हातात, डिकी बंद.

"बसू मी?" तिनं विचारलं.

ते बोटांवर काहीतरी मोजत होते. पुन्हा मोजलं.

"खेमा," ते म्हणाले, "दादाला माझं नाव कधी येईल गं? साहेबराव नको. सायबा, एवढंच. तीनच अक्षरं होतात. पाणी दे इतकीच."

खरं उत्तर खेमाला माहीत होतं. महिनाभरात येईल, किंवा कधीच येणार नाही. रोग्याच्या नातेवाइकांना वायदे करायचे नाहीत, हेही पहिल्या आठवड्यातच शिकवतात. पण तिनं बापाच्या तोंडाकडं बघितलं. तिच्या शिक्षणातलं काहीतरी तो पहिल्यांदाच विचारत होता.

"ते दुसऱ्या वर्षाला असतंय, पप्पा," ती म्हणाली.

 साहेबरावांनी डिकी उघडली, तिची बॅग बाहेर काढली, आणि गल्लीतली माणसं बघत असताना स्वतः उचलून परत ओट्यावर नेऊन ठेवली.

"पुढं सरका!" आतून केरबा ओरडला.

"सरकतो की, दादा," साहेबरावांनी आत बघून सांगितलं. मग रुमालानं तोंड पुसलं आणि मुलीकडं वळले.

"कॉलेज कधी उघडतंय तुझं?"